पृथ्वीची वाट ओलांडणारे लघुग्रह आणि लोणारची साक्ष

वऱ्हाडांत उन्हाळ्याच्या रात्रीं अंगणांत बाजा टाकून निजण्याची जुनी रीत आहे. बाजेवर पडल्या पडल्या एखादी चांदणी निखळून सरकन् खालीं येतांना दिसते, आणि 'तारा तुटला' असें कोणीतरी म्हणतें. तो तारा नसतो, हें आतां शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. वाटाण्याएवढा किंवा त्याहूनही बारीक असा एखादा खडा अतिवेगानें हवेंत शिरून जळून जातो. त्याच्या जळण्याची ती रेघ. असे खडे रोज असंख्य येतात आणि कोणाचें कांहीं बिघडवीत नाहींत. परंतु आकाशांतून येणारे सर्वच पाहुणे इतके लहान नसतात. त्यांपैकीं एका मोठ्या पाहुण्याची खूण वऱ्हाडच्या भूमीवर उमटलेली आहे, आणि ती पाहावयास दूरदूरचे शास्त्रज्ञ येत असतात.

अकोल्याहून दक्षिणेस निघून पातूरचा घाट चढला, म्हणजे पूर्णाकांठचा सपाट पयनघाट मागें पडतो आणि बालाघाटचें उंच पठार लागतें. तेथून मालेगांव-मेहकरच्या बाजूनें पुढें गेल्यावर बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार हें गांव येतें. गांवापर्यंत भूमि एकसारखी काळी व मोकळी असते. मग एकाएकीं जमीन किंचित् वर चढते आणि पायाखालींच एक मोठें गोल विवर उघडें पडतें. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर, म्हणजे सव्वा मैलाहून थोडा कमी आहे. कांठापासून तळापर्यंतची खोली सुमारें दीडशें मीटर भरते, आणि कांठ भोंवतालच्या जमिनीपेक्षां वीस मीटरांच्या आसपास उंच उचललेला आहे. तळाशीं खारट व क्षारयुक्त पाण्याचें सरोवर, उतारावर झाडी, झाडींत जुनीं देवळें, आणि एका बाजूस बाराही महिने वाहणारी धार, असें हें स्थळ आहे. गांवांतील दैत्यसूदनाच्या देवळाशीं जी कथा जोडलेली आहे, तींत लवणासुर नांवाचा दैत्य भूमीखालीं दडून बसला होता व विष्णूनें वरचें झांकण दूर करून त्याचा वध केला, असें सांगितलें आहे. कथाकारांनीं एक गोष्ट मात्र अचूक हेरली होती. ही जागा सावकाश झिजून झालेली नव्हे. येथें कांहीं तरी एकाएकीं घडलें.

इ. स. १८२३ मध्यें जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें हें सरोवर पाहिलें. त्यानंतर जवळजवळ दीडशें वर्षें भूशास्त्रज्ञ एकाच प्रश्नाभोवतीं फिरत राहिले: हें विवर झालें कसें? दख्खनचें पठार मुळांत लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेलें आहे. तेव्हां हें एखाद्या जुन्या ज्वालामुखीचें मुख असावें, असें प्रथम वाटणें स्वाभाविक होतें. कोणी म्हणत, खालीं कोंडलेली वाफ फुटून जमीन उडाली; कोणी म्हणत, आंतील आधार जाऊन ती खचली. पण प्रत्येक मतास अडचण होती. दख्खनचा लाव्हा सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. विवर मात्र इतकें ताजें कीं, त्याचा कांठ अद्याप झिजून गेलेला नाहीं. ज्वालामुखीचें मुख म्हणावें, तर त्यांतून नवा लाव्हा वाहिल्याची खूण नाहीं. जमीन खचली म्हणावी, तर कांठ वर कां उचलला? अमेरिकेंत ॲरिझोना प्रांतांत असेंच एक गोल विवर आहे. तेथील भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनीं १८९६ सालीं त्याची चर्चा करतांना लोणारचा दाखला दिला होता, आणि तें विवर वाफेच्या स्फोटाचें असावें, असें मत मांडलें होतें. पुढें तें आकाशांतून पडलेल्या लोखंडी गोळ्याचें ठरलें, तेव्हां लोणारकडेही अभ्यासकांची दृष्टि नव्यानें वळली.

निर्णय लागला तो सरोवराच्या तळाखालीं. तेथें खोल छिद्रें पाडून नमुने वर काढण्यांत आले, आणि १९७३ सालीं फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. गाळाखालीं फुटलेल्या खडकांचा थर लागला, आणि त्या तुकड्यांत मास्केलिनाइट नांवाचा पदार्थ सांपडला. येथील काळ्या खडकांत, म्हणजे बेसाल्टांत, फेल्स्पार नांवाचे पांढुरके स्फटिक असतात. त्यांवर अतिशय प्रचंड दाब क्षणार्धांत आला, तर ते न वितळतां जागच्या जागीं कांचेसारखे होतात. बाहेरचा आकार स्फटिकाचाच राहतो; आंतील रचना मात्र मोडून जाते. एवढा दाब कोणताही ज्वालामुखी उत्पन्न करूं शकत नाहीं. बाहेरून अतिवेगानें आलेली वस्तु भूमीवर आदळली, तरच तो संभवतो. विशेष असें कीं, हा पदार्थ शास्त्रास प्रथम ठाऊक झाला तोही भारतांत पडलेल्या एका दगडामुळें. बिहारांतील शेरगोटी येथें १८६५ सालीं जी उल्का पडली, तिच्यांत तो १८७२ सालीं ओळखला गेला होता. अशा रीतीनें आकाशांतून आलेल्या दगडांत जी खूण सांपडली होती, तीच खूण आकाशांतून आलेल्या आघाताची साक्षीदार म्हणून लोणारांत उभी राहिली.

मग तो दगड गेला कोठें, असा प्रश्न लोणारास गेलेला प्रत्येक माणूस विचारतो. याचें उत्तर वेगाच्या हिशेबांत आहे. असे दगड सेकंदास पंधरा-वीस किलोमीटर वेगानें येतात. वेग दुप्पट झाला कीं, आघाताची शक्ति चौपट होते. वीस किलोमीटर वेगाच्या एक शेर दगडांत टी. एन. टी. या स्फोटक द्रव्याच्या सुमारें पन्नास शेरांइतकी शक्ति सांठविलेली असते. तो भूमीवर थांबतांच ती सारी शक्ति एका क्षणांत बाहेर पडते. दगडाचा बहुतेक भाग वितळून व वाफ होऊन जातो आणि भोंवतालची जमीन सर्व बाजूंस सारखी उडते. म्हणून दगड तिरपा आला तरी विवर बहुधा गोलच होतें, आणि तें दगडाहून कितीतरी पट मोठें असतें. सामान्य हिशेब असा कीं, विवराच्या व्यासाच्या सुमारें विसाव्या हिश्श्याइतका दगड पुरतो. म्हणजे लोणारचा पाहुणा शंभर मीटरांच्या आंतबाहेर होता; एखाद्या लहान टेकडीएवढाही नव्हे. तो केव्हां आला, याविषयीं मतभेद आहे. एका पद्धतीनें मोजलेलें वय सुमारें बावन्न हजार वर्षें येतें, तर २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मापनानें तें सुमारें पांच लक्ष सत्तर हजार वर्षें येतें. कोणतेंही धरलें, तरी पृथ्वीच्या वयापुढें ही कालचीच गोष्ट होय.

असे दगड येतात कोठून? मंगळ व गुरु यांच्या कक्षांमध्यें लहान-मोठ्या खडकांचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा गोल, सिरीस, पियाझ्झी यांना १ जानेवारी १८०१ रोजीं दिसला. त्यानंतर जे जे लघुग्रह सांपडले, ते बराच काळ त्या पट्ट्यांतच आढळत गेले. म्हणून पृथ्वीशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं, असा समज होता. १८९८ सालीं बर्लिनच्या गुस्ताव विट यांनीं ईरॉस शोधून काढला, तेव्हां त्या समजास पहिला धक्का बसला. ईरॉस मंगळाच्या कक्षेच्या आंत शिरून पृथ्वीच्या पुष्कळ जवळ येतो. मग १९३२ सालीं हायडेलबर्गच्या राइनमुट यांस अपोलो सांपडला, आणि त्याची कक्षा तर पृथ्वीच्याही कक्षेच्या आंत जाते असें दिसून आलें. आजपर्यंत पृथ्वीच्या आसपास फिरणारे असे तीस हजारांहून अधिक लघुग्रह नोंदले गेले आहेत. गुरूच्या ओढीनें पट्ट्यांतील खडकांच्या कक्षा हळूहळू ताणल्या जातात. सूर्याच्या उष्णतेनें तापलेला पृष्ठभाग ती उष्णता परत फेंकतो, त्याचाही अतिसूक्ष्म रेटा लाखों वर्षांत आपलें काम करतो. आणि मग कांहीं खडक आंतल्या ग्रहांच्या वाटेवर येऊन पडतात.

या खडकांची जात कोणती, हें वऱ्हाडास परकें नाहीं. ६ जून १८३८ रोजीं वऱ्हाडांतच चंदकापूर येथें आकाशांतून दगड पडले. उल्कांच्या जागतिक सूचींत त्यांची नोंद आहे, आणि त्यांचें वजन सुमारें पावणेनऊ किलोग्रॅम दिलेलें आहे. ते कोंड्राइट या जातीचे, म्हणजे ग्रह घडण्याच्या आरंभींच्या काळांतील बारीक खनिजगोळ्यांचे बनलेले व तुलनेनें कमी लोखंडाचे आहेत. जपानच्या हायाबुसा यानानें इतोकावा नांवाच्या लघुग्रहावरून धुळीचे कण उचलून २०१० सालीं पृथ्वीवर आणले, तेव्हां तेही कोंड्राइट कुळांतलेच निघाले. याप्रमाणें चंदकापूरच्या शेतांत पडलेला दगड आणि कोट्यवधि मैलांवर फिरणारा लघुग्रह हे एकाच घराण्यांतील असल्याचें सिद्ध झालें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळावयाचें. लघुग्रहाची वाट पृथ्वीच्या वाटेस ओलांडते म्हणजे तो आदळणारच, असें नव्हे. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा जातो, आणि त्याला ठिकठिकाणीं गाडीवाटा आडव्या येतात. बैलगाडी रोज रूळ ओलांडते, आगगाडीही रोज तेथूनच जाते. अपघात होतो तो दोघी एकाच क्षणीं त्या जागीं आल्या, तरच. त्यांतही कांहीं वाटा रुळांवरून पुलानें जातात. तेथें नकाशावर रेघा छेदतात, पण गाड्यांची गांठ कधींच पडत नाहीं. आकाशांतही तसेंच आहे. बहुतेक लघुग्रहांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेशीं तिरप्या असतात. दोन्ही वाटा खरोखर एका पातळीवर येतात अशीं स्थळें दोनच, आणि तेथेंही अंतर बहुधा मोठें राहतें. शिवाय पृथ्वी सेकंदास सुमारें तीस किलोमीटर धांवते. स्वतःच्या व्यासाइतकें अंतर ती सात मिनिटांत काटते. पाहुणा योग्य जागीं आला, पण अर्धा तास उशिरा आला, तर पृथ्वी तेथून निघून गेलेली असते. म्हणून लघुग्रहाची कक्षा ठाऊक असणें म्हणजे त्याची वाट ठाऊक असणें एवढेंच नव्हे. त्याचें वेळापत्रक ठाऊक असणें होय.

हें वेळापत्रक कसें तयार होतें आणि तें तयार होत असतां लोकांच्या मनाची काय अवस्था होते, याचें ताजें उदाहरण २०२५ सालच्या आरंभीं घडलें. २७ डिसेंबर २०२४ रोजीं चिली देशांतील रिओ हुर्तादो येथील दुर्बिणीस एक नवा लघुग्रह दिसला. त्यास २०२४ वाय. आर. ४ हें नांव मिळालें. त्यांतील 'वाय' हें अक्षर डिसेंबरच्या उत्तरार्धाचें निदर्शक आहे. तो दिसला त्याच्या दोन दिवस आधींच पृथ्वीजवळून, चंद्राच्या अंतराच्या सुमारें दुपटीवरून, निघून गेलेला होता. पाहुणा दारावरून गेल्यावर घरच्यांस जाग आली, असा हा प्रकार. त्याची कक्षा फार लांबट आहे. सूर्याजवळ येतांना तो पृथ्वीच्या कक्षेच्या आंत शिरतो; दूर जातांना पृथ्वीच्या सूर्यापासूनच्या अंतराच्या चौपटीहून पुढें, पट्ट्याच्याही पलीकडे पोंचतो. एका फेरीस त्यास जवळजवळ चार वर्षें लागतात. कक्षेचा तिरपेपणा साडेतीन अंशांच्या आंत, म्हणजे फारच थोडा. स्वतःभोवतीं तो सुमारें वीस मिनिटांत एक गिरकी घेतो, आणि वेब नांवाच्या अवकाश-दुर्बिणीनें मोजलेला त्याचा आकार साठ मीटरांच्या आसपास आहे. लोणारचा पाहुणा याच्याहून फारसा मोठा नव्हता, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें.

पहिल्या कांहीं दिवसांच्या वेधांवरून असें दिसलें कीं, २२ डिसेंबर २०३२ रोजीं तो पृथ्वीच्या अगदीं जवळ येईल. आदळण्याचा संभव प्रथम शेंकडा एक, मग दोन, आणि १८ फेब्रुवारी २०२५ रोजीं ३.१ एवढा सांगितला गेला. आदळलाच तर तो कोठें आदळेल, याचा जो पट्टा काढण्यांत आला होता, तो पॅसिफिक महासागराच्या पूर्व भागापासून दक्षिण अमेरिका, आफ्रिका व अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. साहजिकच भारतांतही चिंता पसरली. दिवसेंदिवस आंकडा वाढतो आहे, म्हणजे संकट जवळ येत आहे, असा अर्थ पुष्कळांनीं केला. आणि मग त्याच आठवड्यांत तो आंकडा एकदम खालीं आला. फेब्रुवारी संपण्यापूर्वींच २०३२ सालची भीति जवळजवळ शून्यावर आली. शास्त्रज्ञांनीं आधीं भय दाखविलें आणि मग शब्द फिरविला, असें कित्येकांस वाटलें. वास्तविक यांत कोठेंही शब्द फिरविलेला नव्हता.

समजा, एखाद्या घरीं पत्र आलें कीं, एक पाहुणा वऱ्हाडांत येणार आहे. वऱ्हाडांत हजारों गांवें. तो याच गांवीं येईल, असा संभव फारच थोडा. दुसऱ्या दिवशीं कळलें, तो अकोला जिल्ह्यांत येणार. आतां गांवें कमी झालीं. तेव्हां याच गांवीं येण्याचा संभव वाढला. तिसऱ्या दिवशीं कळलें, तो मूर्तिजापूर तालुक्यांत येणार. संभव आणखी वाढला. घरची माणसें तयारीस लागलीं. चौथ्या दिवशीं नक्की बातमी आली: तो तालुक्याच्या दुसऱ्या टोंकाच्या गांवीं उतरला. संभव क्षणांत शून्य झाला. यांत पाहुण्यानें कोठेंच मार्ग बदलला नाहीं. पत्रांनींही खोटें सांगितलें नाहीं. माहिती जसजशी नेमकी होत गेली, तसतसें जाळें आंखडत गेलें, आणि जोंवर गांव त्या जाळ्यांत होतें, तोंवर त्याच्या वांट्याचा संभव वाढतच जाणार होता. लघुग्रहाच्या बाबतींत पृथ्वी हें तें गांव. पहिल्या वेधांत स्थानाची चूक लाखों मैलांची असते. दर नव्या वेधानें ती कमी होते. म्हणून वाढता आंकडा ऐकून घाबरूं नये, आणि उतरता आंकडा ऐकून शास्त्रास हंसूंही नये. दोन्ही मिळून एकच काम चालू असतें: वेळापत्रक पुरें करण्याचें.

खरें संकट ज्याचा आंकडा सांगितला जातो त्याचें नव्हे. ज्याचा आंकडा काढावयास कोणी त्यास पाहिलेलेंच नाहीं, त्याचें आहे. १५ फेब्रुवारी २०१३ या एकाच दिवशीं याचा दुहेरी प्रत्यय आला. त्या दिवशीं सुमारें पन्नास मीटरांचा एक लघुग्रह भूपृष्ठापासून अवघ्या २७,७०० किलोमीटरांवरून जाणार, हें वर्षभर आधीं ठाऊक होतें; तो वेळेवर आला आणि निमूटपणें निघून गेला. परंतु त्याच्या कांहीं तास आधीं, त्याच्याशीं कांहीं संबंध नसलेला, सुमारें वीस मीटरांचा दुसराच दगड सूर्याच्या दिशेनें येऊन रशियांत चेल्याबिन्स्क शहरावर हवेंत फुटला. त्याची कोणासही कल्पना नव्हती. आधीं डोळे दिपविणारा प्रकाश पडला. लोक कुतूहलानें खिडक्यांशीं धांवले. आणि कांहीं वेळानें आलेल्या धक्क्यानें तावदानें फुटून सुमारें दीड हजार माणसें जखमी झालीं. यांतून एक साधा धडा प्रत्येकानें घ्यावा असा आहे. आकाशांत दिवसाढवळ्या असा प्रखर लोळ दिसला, तर खिडकीपाशीं जाऊं नये. कांचेपासून दूर व्हावें व भिंतीच्या आडोशास बसावें. वीज आधीं दिसते आणि गडगडाट मागून येतो, तोच हा न्याय. १९०८ सालीं सैबेरियांत तुंगुस्का नदीच्या प्रदेशांत याहून मोठा दगड हवेंत फुटला, आणि सुमारें दोन हजार चौरस किलोमीटरांवरील झाडें आडवीं झालीं. सुदैवानें तो निर्जन अरण्यभाग होता.

एक किलोमीटराहून मोठे जवळचे लघुग्रह आतां बहुतेक सर्व सांपडले आहेत. एकशें चाळीस मीटरांहून मोठे सुमारें पंचवीस हजार असावेत, असा अंदाज आहे. त्यांपैकीं निम्म्यांहून कमी २०२५ पर्यंत नोंदले गेले होते. आणि लोणारच्या पाहुण्याएवढे, म्हणजे साठ-सत्तर ते शंभर मीटरांचे, तर त्याहूनही अधिक संख्येनें अज्ञात आहेत. जग बुडवावयास ते समर्थ नाहींत. पण अमरावती किंवा अकोला यांसारखें एखादें शहर त्याच्या खेड्यांसह पुसून टाकण्यास त्यांपैकीं एक पुरे आहे. वेळीं कळलें, तर उपाय आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजीं डार्ट नांवाचें यान सुमारें एकशें साठ मीटरांच्या डायमॉर्फस या गोलावर मुद्दाम आदळविण्यांत आलें. हा गोल दुसऱ्या एका मोठ्या लघुग्रहाभोवतीं ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे; टकरीनंतर त्यास सुमारें ११ तास २३ मिनिटें लागूं लागलीं. मनुष्यानें एखाद्या खगोलाची गति बुद्ध्या बदलण्याची ही पहिलीच वेळ. मात्र हा उपाय वर्षांनुवर्षें आधीं योजावा लागतो. दहा वर्षें आधीं दिलेला लहानसा धक्का पुरतो. शेवटच्या आठवड्यांत मोठाही पुरत नाहीं. म्हणजे पुन्हां सारें येऊन ठेपतें तें वेळापत्रकावरच.

हें वेळापत्रक किती नेमकें होऊं शकतें, याची साक्ष अपोफिस हा लघुग्रह देतो. तो १९ जून २००४ रोजीं ॲरिझोनांतील किट पीक येथें सांपडला. त्याचा सरासरी व्यास सुमारें ३४० मीटर. सूर्याभोवतीं फिरण्यास त्यास सुमारें ३२४ दिवस लागतात, म्हणजे त्याचें वर्ष पृथ्वीच्या वर्षाहून आंखूड आहे. २००४ च्या डिसेंबरांत, १३ एप्रिल २०२९ रोजीं त्याच्या आदळण्याचा संभव शेंकडा २.७ पर्यंत चढला होता. त्याच दिवसांत हिंदी महासागरांत भूकंपाची प्रचंड लाट येऊन तीन दिशांच्या किनाऱ्यांवर हाहाकार उडाला, आणि आकाशांतील या बातमीकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तेवढ्यांत त्याच वर्षाच्या मार्चमधील जुन्या छायाचित्रांत हा लघुग्रह नकळत टिपलेला आढळला. तें एक स्थान हिशेबांत येतांच २०२९ चें संकट टळल्याचें सिद्ध झालें. पुढील वर्षांची शंका मात्र उरली होती. ती रेडिओ-लहरी त्यावर सोडून व परत घेऊन केलेल्या मापनांनीं निवारली. २०२१ च्या मार्चमधील अशा मापनानंतर पुढील शंभर वर्षें तरी त्याचें भय नाहीं, असें जाहीर झालें. सूर्याच्या उष्णतेच्या रेट्यानें त्याची कक्षा वर्षास सुमारें दोनशें मीटर आंखडते, एवढी बारीक गोष्टही आतां मोजली गेली आहे.

२०२९ च्या १३ एप्रिलला, भारतीय वेळेनें १४ तारखेच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास, अपोफिस भूपृष्ठापासून सुमारें ३२,००० किलोमीटरांवरून जाणार आहे. दूरचित्रवाणीच्या संदेशांचे उपग्रह जेथें फिरतात, त्याच्याही आंतून. युरोप, आफ्रिका व पश्चिम आशिया येथील लोकांस तो नुसत्या डोळ्यांनीं, चालत्या चांदणीसारखा दिसेल. पृथ्वीच्या ओढीनें त्याची कक्षाच बदलेल, आणि त्याचें वर्ष पृथ्वीच्या वर्षाहून मोठें होईल. इतका मोठा गोल इतक्या जवळून जाण्याचे प्रसंग हजारों वर्षांत एखादे. आणि मनुष्यजात तो मिनिटाचाही फरक न करतां आधीं सांगून पाहणार आहे.

लोणारच्या दिवशीं हें कांहींच नव्हतें. त्या दिवशीं बालाघाटच्या पठारावर जे जीव चरत होते, त्यांस कोणी सूचना दिली नाहीं. आणि त्या क्षणाचा वृत्तांत लिहून ठेवणाराही कोणी नव्हता. तो वृत्तांत खडकानेंच लिहून ठेवला: उचललेल्या कांठांत, फुटलेल्या थरांत, कांच झालेल्या स्फटिकांत. बेसाल्टांत झालेलीं आणि इतक्या चांगल्या स्थितींत राहिलेलीं विवरें पृथ्वीवर फारच थोडीं. चंद्र व मंगळ यांवरील विवरांचा अर्थ लावतांनाही शास्त्रज्ञ लोणारचाच आधार घेतात. १९७९ सालीं भारताच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यानें त्यास राष्ट्रीय भू-वारसा-स्मारक ठरविलें, आणि २०२० सालीं पाणथळ स्थळांच्या रामसर सूचींत त्याचा समावेश झाला. पण अशा जागेचें खरें रक्षण सूचींनीं होत नाहीं. कांठावरचा कांचेचा बारीक खडा सहज गंमत म्हणून खिशांत घालणारा प्रवासी त्या वृत्तांताचें एक अक्षर घेऊन जातो. तो खडा तेथेंच राहूं देणें हें लोणार पाहावयास जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं आहे.

वऱ्हाडांतील शाळांनीं आपल्या मुलांस एकदां तरी त्या कांठावर न्यावें, आणि सरोवर दाखवून झाल्यावर त्यांस वर आकाशाकडेही पाहावयास सांगावें. खालीं आहे ती न कळलेल्या पाहुण्याची खूण. वर आहेत ते वाटा काढावयाचे राहिलेले पाहुणे. त्यांपैकीं कित्येकांचें वेळापत्रक अद्याप लिहावयाचें आहे, आणि तें लिहिणारे हात आज कोठल्या तरी शाळेंत बेरीज-वजाबाकी शिकत असतील.